तळणाऱ्याशी बोलायचं नाही

आमच्या घरात एक नियम आहे. गॅसवर तेलाची कढई असली की तळणाऱ्याशी बोलायचं नाही. हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही, मागून येऊन "काय चाललंय" म्हणायचं नाही. नियम सासूबाईंचा. घरात तळायच्याही त्याच, त्यामुळे नियमाचा फायदाही त्यांनाच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कढईपाशी मीठ कुठे आहे म्हणून विचारलं. उत्तर नाही. मला वाटलं, झाली सुरुवात. बऱ्याच वेळानं गॅस बंद करून त्या वळल्या आणि म्हणाल्या, "वरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या बरणीत. तेल ऐकत होते गं मी."

तेल ऐकणं ही त्यांची पद्धत. गोळा कढईत पडला की आधी जोरात चुरचुरतो, मग आतलं पाणी उडत जातं तसा आवाज बारीक होत जातो. आवाज पुरता बारीक झाला की काढायचा, बघायची गरज नाही. त्यामुळे त्या ओट्याकडे पाठ करून टेबलापाशी पुढचा घाणा वळत बसायच्या आणि वेळ झाली की बरोबर उठायच्या. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. नजरेनं आणि बोटांनी काम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, कानानं काम करणारी ही पहिलीच. खरं सांगायचं तर मला त्यांच्याबद्दल जरा आदरच वाटायचा. जराच. सासू शेवटी सासूच.

त्या शनिवारी दुपारी आम्ही भाताचे चीज घातलेले गोळे करत होतो. टिल्ली झाल्यापासून दीड वर्ष मी घरी होते आणि सोमवारी कामावर परत जाणार होते. लॅबच्या मालकानं माझी जागा धरून ठेवली होती. "आता नाही आलीस तर दुसरी बघतो हं," असं तो फोनवर हसत म्हणाला होता, आणि त्याचं ते हसणं मला चांगलं माहीत आहे. टिल्लीला सासूबाई सांभाळणार होत्या. सगळं ठरलं होतं.

"इतक्या दिवसांनी जातेस, हात हलवत जाऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या होत्या. "सोमवारी सकाळी गरम गोळे तळून देते, डबा भरून ने." शनिवारची ही त्याची रंगीत तालीम होती.

आदल्या दिवशीचा मऊ भात मीठ, मिरपूड आणि ठेचलेला लसूण घालून त्यांनी मळून घेतला. मी चीजचे तुकडे कापले. हात ओला करायचा, तळव्यावर भात थापायचा, मधे चीज ठेवायचं आणि मूठ मिटत मिटत गोळा बंद करायचा. मग कॉर्नफ्लोअरच्या पातळ पिठात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायचा आणि फ्रिजमध्ये गार करायचा. भेग राहिली तर चीज बाहेर येतं, तेलाला लागतं आणि गोळा बॉम्बसारखा फुटतो. "तुझे गोळे वेगळे ठेव," सासूबाई म्हणाल्या. "फुटले तर कुणाचे ते कळू दे." मी तोंड वाकडं केलं. नवरा तेवढ्यात केस कापून येतो म्हणून सटकला. कामाच्या वेळी त्याचे केस फार लवकर वाढतात. टिल्ली आतल्या खोलीत झोपली होती.

पहिला घाणा सोडून सासूबाई टेबलापाशी जाऊन बसल्या. मी फ्रिजपाशी उभी होते. आणि एक गोळा फुटला. फटाका वाजावा तसा मोठा आवाज झाला, तेल मागच्या फरशांवर उडालं, थेंब जमिनीवर आले. मी दचकून मागे सरले. अर्थातच गोळा माझा होता.

सासूबाई हलल्या नाहीत. कढई त्यांच्या पाठीमागे तीन हातांवर होती. त्यांचा खांदासुद्धा उडाला नाही. त्या भात थापत होत्या.

पूर्वी असं काही झालं की "अगं बाई!" व्हायचं, आणि त्यानंतर माझ्या हाताच्या वळणाबद्दल चार शब्द. मी त्या चार शब्दांची वाट बघत राहिले. त्यांनी फक्त मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं, उठल्या, वळल्या, फरशीवरचं तेल बघितलं आणि म्हणाल्या, "फुटला वाटतं."

फुटला वाटतं?

मी पुढे झाले. ओट्यावरचं स्टीलचं झाकण उचललं आणि त्या पुन्हा पाठमोऱ्या बसल्यावर जमिनीवर टाकलं. स्टीलचं झाकण पडल्यावर काय होतं ते सांगायला नको. ते गरगरत, खणखणत राहिलं आणि शेवटी भिंतीला लागून थांबलं. सासूबाईंनी नवा गोळा ब्रेडच्या चुऱ्यात घोळवला आणि ताटात ठेवला.



त्यांना ऐकू येत नव्हतं. कमी येत नव्हतं, येतच नव्हतं. तेल ऐकणाऱ्या बाईनं घड्याळ बघायला कधी सुरुवात केली? मी उभ्या उभ्या आठवत गेले आणि एकेक गोष्ट अंगावर आली. कुकरच्या शिट्ट्या त्या हल्ली मोजत नव्हत्या, समोर उभं राहून वाफ बघायच्या. टीव्हीवर खाली अक्षरं येतात तेच कार्यक्रम लावायच्या. फोन आला की "तूच बोल गं, माझे हात ओले आहेत." आपण काही सांगितलं की आपल्या तोंडाकडे टक लावून बघायच्या, मला वाटायचं, माझ्यावर वॉच ठेवतात. मागून हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत, तर मी नवऱ्याला म्हणायचे, तुझी आई म्हणजे ऐकावं जनाचं, करावं मनाचं. आणि टिल्ली झोपली की त्या सारख्या उठून आत जाऊन तिला बघून यायच्या. किती जीव लावतात, असं मी माझ्या बहिणीला कौतुकानं सांगितलं होतं. जीव लावत होत्याच. पण पोर रडलेलं ऐकू येणार नाही म्हणून जात होत्या.

आणि सोमवारपासून दिवसभर टिल्ली यांच्याजवळ एकटी राहणार होती. तिला ठसका लागला तर? न्हाणीघरात पडली तर? दार बंद करून घेतलं तर?  मी आत जाऊन टिल्लीला बघितलं. तोंड उघडं टाकून झोपली होती. नवरा आला की आधी त्याच्याशी बोलायचं, त्याच्या आईसमोर तमाशा करायचा नाही, असं मी ठरवलं. तेवढ्यात कपड्यांचं मशीन संपल्याची पीं पीं वाजली. डोकं चालेनासं झालं की मी कपडे वाळत घालते, जित्याची खोड. मी मागच्या बाल्कनीत गेले.

बाल्कनीच्या दाराबद्दल सांगायला हवं. त्याचं बाहेरच्या बाजूचं हँडल हिवाळ्यात निखळून पडलं होतं आणि नवरा आज बसवतो, उद्या बसवतो करत होता. दार सोडलं की आपोआप खटक्यानं बंद व्हायचं आणि बाहेरून उघडायचंच नाही. म्हणून बाल्कनीत जाताना दारात प्लास्टिकचं छोटं स्टूल अडकवून ठेवायचो. वरच्या अर्ध्या दाराला काच होती, आत तारांची जाळी असलेली, जाड. स्वयंपाकघरात दुपारचा उजेड यायचा तो त्या काचेतूनच, सरळ टेबलावर.

मी बाल्कनीच्या टोकाला उभी राहून चादर झटकत होते. मागे काहीतरी घासत सरकल्याचा आवाज झाला आणि मग खट्.

मी वळले. स्टूल दारात नव्हतं. काचेपलीकडे टिल्लीचं डोकं दिसत होतं, झोपेनं एका बाजूला केस चिकटलेलं. ती कधी उठली, पलंगावरून कधी उतरली, मला कळलं नाही. स्टूल ढकलत घरभर फिरणं हा तिचा आवडता उद्योग होता. ती स्टूल ढकलत निघाली होती. ओट्याकडे.

ओट्यावर कढई होती. कढईत दुसरा घाणा होता. झारा कढईच्या काठावर टेकवलेला होता, त्याचा दांडा बाहेर आलेला. सासूबाई टेबलापाशी ओट्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

मी काचेवर हात आपटले. "आई! आई!" मी किंचाळले. टिल्लीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. तिला ऐकू गेलं, माझ्या पोरीला स्पष्ट ऐकू गेलं. तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेली बाई भात थापत राहिली. मी चिमट्यांची बादली उचलून काचेवर मारली. काचेला तडा गेला, जाळीनं ती धरून ठेवली. पुन्हा मारली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय चाललंय?" म्हणून ओरडलं. मी म्हटलं वर या, धावत या, पण वर येऊन ते आमच्या बंद दाराची बेलच वाजवणार होते. आणि बेल ऐकणार कोण?

फोन आत, टेबलावर, ब्रेडच्या चुऱ्याच्या ताटाशेजारी.

स्टूल ओट्याला टेकलं. टिल्लीनं एक गुडघा वर ठेवला.

मला तिला माझ्याकडे वळवायचं होतं, एवढंच सुचलं. हातात ओली चादर होती. मी ती काचेवर धरली, खाली केली आणि तोंड वेडंवाकडं करून ओरडले, "भ्वाऽऽ!" टिल्ली खदखदून हसली. गुडघा खाली आला. मी पुन्हा चादर वर केली, पुन्हा खाली, "भ्वाऽऽ!" माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घसा सोलवटला होता आणि मी पोरीशी लपाछपी खेळत होते. "ये, माझं सोनं, ये इकडे, मला पकड!" ती दोन पावलं माझ्याकडे आली.

आणि सासूबाईंनी मान वर केली. टेबलावर सावली येत होती, जात होती. ती त्यांना दिसली. त्यांनी काचेकडे पाहिलं. मी जिवाच्या आकांतानं हात हलवले, बोट दाखवलं, तिकडे, मागे! चादर माझ्या हातात अडकली होती. उजेड माझ्या पाठीमागे होता, माझं तोंड त्यांना काळंच दिसलं असणार. मी खेळते आहे, असं त्यांना वाटलं. त्या हसल्या, पिठानं भरलेलं बोट माझ्यासमोर हलवलं, तळताना दंगा नको, अशी दटावणी केली आणि मान खाली घालून पुढचा गोळा घेतला.

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बाळंतपणात माझं रक्त थांबत नव्हतं तेव्हाही नाही.

टिल्लीला एव्हाना खेळाचा कंटाळा आला होता. ती पुन्हा स्टुलाकडे वळली. या वेळी दोन्ही गुडघे वर गेले. ती उभी राहिली. हात लांब केला. झाऱ्याचा दांडा तिच्या बोटांपासून वीतभर दूर होता.

मला एकच गोष्ट करता येण्यासारखी होती आणि ती करायला माझे हात तयार नव्हते. हलवलेली चादर सासूबाईंना खेळ वाटली होती. पण अंधार झाला आणि तसाच राहिला तर त्या उठल्या असत्या. अंधारात भाताची भेग दिसत नाही. दिव्याचं बटण दाबायला त्यांना उठावंच लागलं असतं, आणि बटण ओट्याच्या बाजूला, कढईच्या वर होतं. पण काच पुरती झाकायची म्हणजे मलाही आतलं दिसणार नव्हतं.

मी चादर दुहेरी केली, वरच्या चौकटीला दोन्ही हातांनी दाबून धरली, अंगानं काचेवर रेलले. ओलं कापड तोंडाला चिकटलं. मी डोळे मिटले. तसंही काही दिसत नव्हतं.

काही ऐकू येत नव्हतं. तेलाचा आवाज दारापलीकडे येत नाही. मी मनात म्हणत होते, उठा, आई उठा, दिवा लावा. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. माझे दंड भरून आले. चादर खाली करून बघावं, नुसतं एकदा, असं इतकं वाटत होतं. पण बघितलं असतं तर टेबलावर उजेड गेला असता आणि त्या परत खाली बसल्या असत्या. मी नाही बघितलं.

आतून काहीतरी दणकन पडलं. मग धातू जमिनीवर आदळल्याचा आवाज. मग एक किंकाळी, बारीक, लहान मुलाची. माझे हात सुटले.

दार उघडलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. कडेवर टिल्ली होती, बेंबीच्या देठापासून ओरडत होती, आणि मी तिचे हात बघितले, तोंड बघितलं, पोट बघितलं, फ्रॉक वर करून पाय बघितले. काही नव्हतं. कुठेही काही नव्हतं. ती घाबरून रडत होती. मागे झारा जमिनीवर पडला होता, स्टूल आडवं झालं होतं आणि ओट्यावर तेल सांडलं होतं. सासूबाईंचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाला होता. त्यांनी तो टिल्ली आणि कढई यांच्यामध्ये घातला होता.

मी टिल्लीला हिसकावून घेतलं, गॅस बंद केला, त्यांचा हात नळाखाली धरला. आणि मग माझं तोंड सुटलं. मी जे बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, कधीपासून, आम्हाला मूर्ख समजता का, माझी पोर आज भाजून मेली असती, असं सगळं. मी घसा फोडून ओरडत होते. टिल्ली माझ्या ओरडण्यानं आणखी रडत होती. सासूबाई नळाखाली हात धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "ओरडलीस की तुझे ओठ वाकडे होतात. काही समजत नाही मला."

मी टिल्लीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"उन्हाळ्यापासून," त्या म्हणाल्या. मी विचारलेलं बहुतेक त्यांना कळलंच होतं. "आधी एक कान गेला, मग दुसरा. डॉक्टर म्हणाला, कानाला मशीन लावून बघू, पण फारसा उपयोग होईल असं नाही. म्हटलं, झाकली मूठ. तुझी जागा धरून ठेवली होती ना त्यानं. मी बोलले असते तर तू घरी बसली असतीस. मी बसले होते तशी." त्या टिल्लीकडे बघत होत्या. "मी सारखी बघते तिच्याकडे. तुम्ही ऐकता त्यापेक्षा जास्त बघते. आज त्या गोळ्यांकडे बघत बसले गं."

माझा राग कुठे गेला मला कळेना. नको होतं मला ते कारण. मला नीट रागावू तरी द्यायचं होतं.

मी त्यांच्या हाताला मलम लावलं, स्वच्छ फडकं गुंडाळलं. खालच्या मजल्यावरची बाई बेल वाजवत होती. मी जाऊन तिला सांगितलं की सगळं ठीक आहे. परत आले तर सासूबाई टेबलापाशी बसल्या होत्या आणि वळलेले गोळे एकेक करून डब्यात ठेवत होत्या, एका हातानं, मधे कागद घालून.

"सोमवारचे," त्या म्हणाल्या.

आता नवऱ्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. ते मलाच सांगायचं होतं. मी टिल्लीला मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसले, काचेतून येणारा उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी. मालकाला फोन करेन, पाळणाघर बघेन, नाही मिळालं तर जागा सोडेन, ते सगळं नंतरचं होतं. आधी हे एकच वाक्य. ओरडून ते एका दमात म्हणता आलं असतं. हळू म्हणायचं तर प्रत्येक शब्दाला थांबावं लागतं, आणि समोरचा माणूस प्रत्येक शब्द डोळ्यांनी घेत असतो.

"आई," मी म्हणाले. "टिल्लीला. तुमच्याजवळ. एकटीला. मी. ठेवणार नाही."

त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांची मानही थांबली. हातातला गोळा त्यांनी डब्यात ठेवला, त्यावर कागद ठेवला आणि कागदाच्या कडा बोटानं नीट दाबल्या.

"शेवटचं नाही कळलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांग."

त्यांना कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांत ते मला स्वच्छ दिसत होतं.

मी पुन्हा सांगितलं.